घरातला कॉफी ग्राइंडर : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

घरी कॉफी दळणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसल्या, तरी बहुतेकींचे मूळ दोनच ठिकाणी सापडते. एक तर दळण एकसारखे झालेले नसते, किंवा यंत्रात जुनी कॉफी साचून राहिलेली असते. त्यामुळे उत्तरांतही या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येणार आहेत.

आमच्याकडे उत्तम मिक्सर आहे आणि त्याच्या चटणीच्या भांड्यात कॉफीच्या बिया दळल्या जातात. असे असताना काही हजार रुपये खर्चून वेगळा ग्राइंडर का घ्यावा?
— वाचक, कोथरूड, पुणे

याचे उत्तर आपण कॉफी कशी पिता यावर अवलंबून आहे. मिक्सरचे पाते बियांना दळत नाही, ते त्यांना फोडते. जे तुकडे वारंवार पात्याखाली येतात त्यांचे पीठ होते आणि भांड्याच्या कडेला उडालेले तुकडे भरडच राहतात. अशा मिश्रणावर गरम पाणी पडले की पिठातला अर्क लगेच उतरतो आणि पुढे त्यातला कडूपणाही पाण्यात येतो. भरड तुकड्यांच्या गाभ्यापर्यंत मात्र पाणी नीट पोचण्याआधीच कॉफी गाळून झालेली असते. एकच कप एकाच वेळी कडवट आणि पाणचट लागतो, त्याचे कारण हे आहे.

बर ग्राइंडर म्हणून जे यंत्र मिळते, त्यात दोन दातेरी भाग असतात. एक स्थिर असतो, दुसरा फिरतो, आणि बी त्या दोघांमधल्या फटीतून जाते. फटीएवढी बारीक झाल्याशिवाय ती खाली पडत नाही. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये धान्य दळले जाते तीच ही रीत आहे, फक्त येथे फट हवी तेवढी ठरवण्याची सोय आहे. रीत जुनीच आहे : फ्रान्समधील प्युजो घराण्याने मोटारी बनवण्याच्या कितीतरी आधी, १८४० पासून, कॉफीच्या हातचक्क्या बनवल्या, आणि आजचा हातग्राइंडर उघडून पाहिला तर तीच मूळ रचना ओळखू येते.

आपण दूध-साखर घालून उकळलेली कॉफी पीत असाल, तर मिक्सर पुरेसा आहे, असे मी निःसंकोचपणे सांगेन. दुधामुळे दळणातले बरेचसे दोष झाकले जातात. बिनदुधाची कॉफी, फ्रेंच प्रेस (पूड गरम पाण्यात मुरवून दट्ट्याने खाली दाबण्याचे भांडे) किंवा कागदी गाळणीतून वरून पाणी ओतून केलेली कॉफी आपल्याला आवडत असेल, तर मात्र महागड्या बियांवर खर्च करण्याआधी तो पैसा ग्राइंडरवर खर्च करावा. चांगल्या बियांचा असमान दळणाने जेवढा नाश होतो, तेवढा दुसऱ्या कशानेही होत नाही.

तोपर्यंत मिक्सर वापरायचा असल्यास भांडे पूर्ण कोरडे आणि मसाल्याचा वास नसलेले घ्यावे. एका वेळी तीस-चाळीस ग्रॅमच बिया घालाव्यात आणि बटण उलट्या बाजूला फिरवून दोन-तीन सेकंदांचे झटके द्यावेत. दर दोन झटक्यांनंतर भांडे काढून हलवावे, म्हणजे कडेचे तुकडे मध्ये येतात. सलग फिरवत ठेवल्यास भांडे तापते आणि कॉफीचा वास कपात येण्याऐवजी स्वयंपाकघरात पसरतो. शेवटी पूड मैद्याच्या चाळणीने चाळून घेतली, तर चाळणीवर राहिलेली पूड बरीच एकसारखी असते. खाली पडलेले पीठ फेकू नये, ते दुधातल्या कॉफीला चालते.

आम्ही वर्षानुवर्षे माटुंग्याहून दळलेली फिल्टर कॉफी आणत होतो. आता बिया आणून घरीच दळतो. कधी डिकॉक्शन तासभर थेंब-थेंब पडत राहते, तर कधी पाच मिनिटांत सगळे पाणी खाली येते आणि कॉफी फिकी लागते. दळण नेमके किती बारीक असावे? आणि चिकोरी बियांबरोबर दळावी का?
— वाचक भगिनी, डोंबिवली

दाक्षिणात्य फिल्टरसाठी दळण बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक असावे, पण त्याचा कण बोटांना जाणवला पाहिजे. चिमूटभर पूड अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चोळून पाहावी. ती बोटांच्या रेषांत पिठासारखी भरून बसली, तर दळण फार बारीक झाले आहे, आणि अशा पुडीचा फिल्टरच्या तळाशी घट्ट थर बसून पाणी अडते. फ्रेंच प्रेसला याहून पुष्कळ भरड, म्हणजे जाड रव्यासारखे दळण लागते. मोका पॉटला, म्हणजे शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणाऱ्या भांड्याला, फिल्टरच्या जवळपासचे चालते. एस्प्रेसोला, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेल्या दाट कॉफीला, मात्र या सर्वांहून बारीक हवे असते आणि साध्या घरगुती ग्राइंडरकडून ते बहुधा साधत नाही.

पाणी ओतल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत डिकॉक्शनचा बहुतेक भाग खाली उतरावा, हा अंदाज धरून चालावे. त्याहून फार उशीर होत असेल तर फट थोडी वाढवावी, फार लवकर उतरत असेल तर कमी करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. त्याच दिवशी पूडही वाढवली, दाबही जास्त दिला आणि दळणही बदलले, तर फरक कशाने पडला हे कधीच कळत नाही. तसेच ग्राइंडरला दोष देण्याआधी फिल्टरचे वरचे भांडे उजेडाकडे धरून पाहावे. तळाची छिद्रे जुन्या पुडीने अर्धी बुजलेली असतील, तर दळण कितीही बरोबर असले तरी पाणी अडणारच.

आपल्याला कधी असे आणि कधी तसे अनुभवास येते, यामागे बियाही असू शकतात. गडद भाजलेली बी ठिसूळ असते, सहज फुटते आणि तिचे पीठ जास्त पडते; हलकी भाजलेली बी कडक असते. मंगळूरच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवलेली मान्सून मलबार आणि चिकमगळूरच्या उंच मळ्यातली हलकी भाजलेली अरेबिका जातीची कॉफी यांना फटीच्या एकाच आकड्यावर दळले, तर हाती येणारी पूड सारखी नसते. म्हणून नव्या पाकिटाबरोबर फट पुन्हा ठरवावी लागते. पाकिटावर पेन्सिलीने आकडा लिहून ठेवण्याची सवय फार उपयोगी पडते.

चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळले जाणारे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ, मात्र ग्राइंडरमध्ये घालू नये. भाजलेली चिकोरी हवेतला ओलावा वेगाने शोषते आणि चिकट होते, आणि दात्यांच्या खाचांत बसलेली चिकोरी काढणे हे कॉफी काढण्यापेक्षा कितीतरी अवघड काम असते. ती पूड स्वरूपात वेगळी आणावी आणि दळलेल्या कॉफीत लागेल तेवढीच मिसळावी. ऐंशी ग्रॅम कॉफीला वीस ग्रॅम चिकोरी हे सौम्य प्रमाण आहे, सत्तरास तीस हे अधिक दाट डिकॉक्शन देते. चिकोरीचा मोठा भाग पाण्यात विरघळतो, त्यामुळे डिकॉक्शन दाट होते. दुकानातून तयार मिश्रण घेताना पाकिटावरचे प्रमाण अवश्य वाचावे : भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसार अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असणे आणि प्रमाण छापणे बंधनकारक आहे, पण म्हणजेच उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते.

माझ्या हातग्राइंडरची चकती फिरवताना टिक-टिक आवाज होतो. मित्र म्हणतो की तो अठरा टिकांवर दळतो. मी तेवढ्याच टिकांवर दळले तर अगदी भरड कॉफी मिळते. यंत्रात दोष आहे का?
— वाचक, नाशिक

दोष असण्याचा संभव कमी आहे. टिकांची संख्या शून्यापासून मोजायची असते आणि शून्य म्हणजे दोन्ही दाते एकमेकांना टेकतात ती जागा. ग्राइंडर रिकामा असताना दांडा सावकाश फिरवत चकती हळूहळू आवळत न्यावी. दांडा सहज फिरेनासा झाला की ते शून्य समजावे. तेथून मागे येत टिका मोजाव्यात. आवळताना जोर लावू नये, कारण धार असलेले पोलाद पोलादावर घासले की धारच जाते. शिवाय प्रत्येक कंपनीच्या ग्राइंडरमध्ये एका टिकेने फट किती बदलते हे वेगळे असते. आपल्या मित्राचे यंत्र दुसऱ्या बनावटीचे असेल, तर त्याच्या अठरा टिकांचा आपल्या अठरा टिकांशी काहीही संबंध नाही. आकडा स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या जिभेने ठरवावा.

कोकणातल्या पावसाळ्यात आमच्या विजेच्या ग्राइंडरमध्ये पुडीचे गोळे होतात आणि आतल्या दात्यांवर तांबूस डाग दिसू लागले आहेत. यंत्र धुऊन घ्यावे का? स्वच्छ करण्याची योग्य पद्धत कोणती?
— वाचक, रत्नागिरी

धुऊ नये. पोलादी दात्यांना पाणी लावणे हा त्यांना गंज चढवण्याचा सर्वांत जवळचा मार्ग आहे, आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत ते पुरते वाळतही नाहीत. चिनी मातीचे, म्हणजे सिरॅमिकचे दाते धुता येतात, पण तेही पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नयेत. पुडीचा डबा आणि झाकण यांसारखे सुटे प्लास्टिकचे भाग साबणाने धुण्यास हरकत नाही.

साफसफाई कोरडीच करायची असते आणि ती अवघड नाही. प्रथम प्लग काढावा. बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण हात दात्यांपाशी जाणार आहे. वरच्या भांड्यातल्या बिया काढून घ्याव्यात, भांडे उचलावे आणि वरचा दातेरी भाग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे फिरवून सोडवावा. काही यंत्रांत आतल्या नटाचे आटे उलटे असतात. तो सैल होत नाही म्हणून जोर लावण्याआधी पुस्तिका पाहावी. भाग हातात आल्यावर तो उजेडात तिरपा धरून दात्यांच्या मुळाशी पाहावे. तेथे गडद तपकिरी थर दिसतो. टूथपिकच्या टोकाने खरवडला तर तो पुडीसारखा सुटत नाही. मेणचट पापुद्रा होऊन टोकाला चिकटून येतो आणि त्याला खवट तेलाचा वास असतो. कॉफीच्या बीत तेल असते, अरेबिकात तर वजनाच्या सुमारे पंधरा टक्के, आणि गडद भाजणीत ते पृष्ठभागावर येते. ते तेल, त्यात अडकलेली बारीक पूड आणि हवेतला ओलावा मिळून हा थर तयार होतो. आज दळलेली ताजी कॉफी या थरावरूनच घसरत खाली येते, म्हणून पाकीट नवे असूनही कपाला शिळा वास लागतो.

हा थर कडक केसांच्या कोरड्या ब्रशने काढावा, नवा टूथब्रशही चालतो. खाचांसाठी टूथपिक घ्यावी. सुई किंवा स्क्रू ड्रायव्हर वापरू नये, कारण त्याने धारेवर ओरखडे पडतात. जेथून पूड खाली येते ती वाट अरुंद असते आणि पावसाळ्यात गोळे नेमके तेथेच बनतात, म्हणून ती विशेष काळजीने मोकळी करावी. सुटलेली पूड कॅमेऱ्याच्या रबरी पंपाने उडवावी. तोंडाने फुंकू नये, त्याने पुन्हा ओलावा आत जातो. नंतर कोरड्या सुती कापडाने पुसावे. भाग परत बसवण्यापूर्वी त्याची बैठक बोटाने चाचपावी, कारण बैठकीखाली राहिलेल्या एखाद्या कणानेही दातेरी भाग किंचित तिरपा बसतो, फट एका बाजूला जास्त व दुसऱ्या बाजूला कमी होते आणि मग दळण कधीच एकसारखे येत नाही. सगळे जुळल्यावर मूठभर साध्या बिया दळून ती पूड टाकून द्यावी.

डाग वरवरचे असतील तर कोरड्या ब्रशने घासून आणि अशा टाकाऊ बिया दळून ते जातात. गंजाने धातूत खड्डे पडले असतील तर दाते बदलावेत. गंज येऊ नये म्हणून खोबरेल तेल लावावे का, असा प्रश्न दुसऱ्या एका पत्रात आहे. दात्यांना कोणतेही खाद्यतेल लावू नये, ते महिनाभरात खवट होते. आणि शिलाई मशीनचे तेल तर अन्नाच्या वाटेत येऊच नये.

पावसाळ्यात वरच्या भांड्यात बिया भरून ठेवण्याची सवय सोडावी. त्या दिवसाच्या बिया त्या वेळी मोजून घालाव्यात आणि उरलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात डबा ठेवून तो रोज उघडला, तर थंड बियांवर हवेतले पाणी जमते. फार दिवस टिकवायच्या असतील तर आठवड्याच्या हिशेबाने लहान पुड्या बांधून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात, एक पुडी बाहेर काढली की बंद असतानाच खोलीच्या तपमानाला येऊ द्यावी आणि मगच उघडावी. साफसफाई कोरड्या महिन्यांत महिन्यातून एकदा पुरते. कोकणात पावसाळ्याचे चार महिने ती दर आठवड्याला करावी, असे माझे मत आहे.

ग्राइंडर साफ करण्यासाठी त्यात तांदूळ दळावेत, असे अनेक जण सांगतात. ते बरोबर आहे का?
— वाचक, सोलापूर

मी तसा सल्ला देणार नाही. कच्चा तांदूळ भाजलेल्या कॉफीच्या बीपेक्षा पुष्कळ कठीण असतो; कॉफी फोडण्याच्या बेताने बनवलेल्या लहान मोटरवर त्याचा ताण येतो, आणि अनेक उत्पादक तसे न करण्याविषयी बजावतात. मागे राहिलेले पिठूळ कण दमट हवेत चिकटतात ते वेगळेच. यासाठी धान्यापासून बनवलेल्या खास गोळ्या मिळतात, त्या बियांप्रमाणे घालून दळायच्या आणि मागाहून थोड्या बिया दळून पूड फेकायची. गोळ्या न मिळाल्यास वर सांगितलेला ब्रश पुरेसा आहे.

नागपूरच्या थंडीत ग्राइंडरचा डबा उघडला की पूड उडते आणि प्लास्टिकला, हाताला, ओट्याला चिकटते. यावर उपाय आहे का?
— वाचक, नागपूर

आहे, आणि तो अगदी सोपा आहे. दळताना बिया फुटतात आणि एकमेकींवर व दात्यांवर घासल्या जातात, त्यामुळे कणांवर विद्युतभार येतो. हवा कोरडी असली की तो निघून जात नाही आणि पूड जवळच्या पृष्ठभागाला चिकटते. दळण्याआधी बियांना किंचित ओलावा द्यावा, हे कॉफीच्या जाणकारांना बऱ्याच वर्षांपासून माहीत होते. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी ज्वालामुखीच्या राखेतील विजेचा अभ्यास करणाऱ्यांना सोबत घेऊन त्याची रीतसर तपासणी केली आणि ती डिसेंबर २०२३ मध्ये ‘मॅटर’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाली. बियांत ओलावा जितका कमी, तितका भार जास्त, म्हणून गडद भाजलेल्या बिया अधिक त्रास देतात. थोडेसे पाणी घातल्यास भार घटतो आणि पुडीचे गुठळे होणेही कमी होते, असे त्यांना आढळले.

करायचे एवढेच की मोजलेल्या बिया वाटीत घ्याव्यात, चमच्याचा दांडा पाण्यात बुडवून झटकावा आणि त्या ओल्या दांड्याने बिया ढवळाव्यात. बिया ओल्या दिसू नयेत, एक-दोन थेंब पुरेत. रत्नागिरीच्या वाचकांना दिलेल्या उत्तराशी हे विसंगत वाटू नये : येथे पाणी दात्यांना लावायचे नाही, आणि बियांवरचे थेंब पुडीबरोबरच बाहेर पडतात. वरच्या भांड्यात साठवलेल्या बियांवर मात्र पाणी शिंपडू नये. दळून झाल्यावर डबा लगेच न उघडता अर्धा-एक मिनिट तसाच ठेवला, तरीही उडणे कमी होते.

आमच्याकडे कॉफीत जायफळ आणि वेलची लागतेच. बियांबरोबरच ती ग्राइंडरमध्ये घातली तर चालेल का?
— वाचक भगिनी, इंदूर

मराठी घरातल्या कॉफीचे जायफळाशी असलेले नाते मला पूर्ण मान्य आहे, पण ते ग्राइंडरच्या बाहेर जुळवावे. जायफळ कठीण आणि तेलकट असते, त्याचे तेल दात्यांवर बसते आणि प्लास्टिकमध्ये मुरलेला त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही. वेलचीच्या सालाचे धागे होतात आणि ते पुडीच्या वाटेत अडकतात. जायफळ सहाणेवर उगाळून किंवा बारीक किसणीवर किसून दुधात घातले, तर त्याचा स्वादही अधिक चांगला उतरतो, कारण प्रमाण हातात राहते. दोन कपांना चिमटीत मावेल त्याहून कमी पुरते. वेलची खलबत्त्यात कुटावी. मसाला आधीच दळून झाला असेल, तर प्लास्टिकचे भाग साबणाने धुऊन उन्हाऐवजी सावलीत वाळवावेत, दाते ब्रशने घासावेत आणि टाकाऊ बियांचे दोन घाणे काढावेत. पात्याच्या लहान ग्राइंडरला मसाला चालतो, पण मग तो कायमचा मसाल्यालाच ठेवावा.

मुलीने कॅलिफोर्नियाहून चांगला विजेचा ग्राइंडर आणला आहे. पिन बदलणारा अडॅप्टर लावून तो येथे वापरता येईल का?
— वाचक, ठाणे

कृपया तसा लावू नये. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची आहे, आपल्याकडे २३० व्होल्टची, आणि बटण दाबताच मोटर जळण्याची शक्यता असते. यंत्र उलटे करून तळाची पट्टी वाचावी. तेथे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल तर अडॅप्टर पुरतो. फक्त १२० व्होल्ट असेल, तर दाब उतरवणारा खरा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि मोटर सुरू होताना जास्त वीज ओढते म्हणून तो पट्टीवरच्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा घ्यावा. प्रवासासाठी मिळणारे हलके, स्वस्त कन्व्हर्टर इस्त्री आणि केस वाळवण्याच्या यंत्रांसाठी असतात, ते मोटरला लावू नयेत. तेथील वीज ६० हर्ट्‌झची आणि येथील ५० हर्ट्‌झची असल्याने काही प्रकारच्या मोटरी ट्रान्सफॉर्मर लावूनही सुमारे एकषष्ठांशाने हळू चालतात. परदेशातून काही आणायचेच असेल, तर या कटकटींपेक्षा चांगला हातग्राइंडर आणावा, असे मी सुचवेन. पोलादी दात्यांचा हातग्राइंडर वीस ग्रॅम बिया मिनिटभरात दळतो.

आमचा ग्राइंडर अचानक गुरगुरतो पण फिरत नाही. काही वेळाने तो पूर्ण बंद पडतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होतो. दुरुस्तीस द्यावा का?
— वाचक, सातारा

गुरगुर ऐकू येताच बटण बंद करून प्लग काढावा, ही पहिली गोष्ट. अडकलेल्या मोटरमधून वीज वाहत राहिली की तिची गुंडाळी तापते. आपले यंत्र आपोआप बंद पडते आणि थंड झाल्यावर सुरू होते, याचा अर्थ त्यात उष्णतेपासून रक्षण करणारा कट-ऑफ आहे आणि तो आपले काम करतो आहे. मात्र त्याची परीक्षा वारंवार घेऊ नये. यंत्रातून जळका वास आला असेल तर ते थेट दुरुस्तीस द्यावे.

वास नसेल तर कारण बहुधा तीनांपैकी एक असते. पुडीची वाट बंद झाल्याने पूड मागे साचते, हे दमट हवेत सर्वाधिक घडते. यंत्र बंद असताना दात्यांमध्ये बिया असतानाच फट कमी केली गेली, की त्या बिया चिरडून बसतात; म्हणून विजेच्या ग्राइंडरची फट कमी करायची ती यंत्र चालू असताना किंवा पूर्ण रिकामे असताना. आणि तिसरे कारण म्हणजे खडा. आपल्याकडे फळासकट उन्हात वाळवलेल्या कॉफीला व्यापारात ‘चेरी’ म्हणतात आणि पाण्याने धुऊन तयार केलेल्या अरेबिकाला ‘प्लँटेशन’. अंगणात पसरून वाळवलेल्या मालात क्वचित बीच्या आकाराचा, बीच्याच रंगाचा खडा राहून जातो. सिरॅमिकचा दाता त्याने तुटतो, पोलादी दात्याला खाच पडते. दळण्याआधी बिया स्टीलच्या ताटलीत ओतल्या तर खड्याचा आवाज वेगळा येतो. रोजच्या वीस ग्रॅमना याला काही क्षणही लागत नाहीत.

अडकलेले यंत्र उघडताना वरचा दातेरी भाग काढून सापडेल ते चिमट्याने उचलावे आणि सर्व साफ करून, फट भरड बाजूला ठेवून, आधी रिकामे चालवून पाहावे. एवढे करूनही गुरगुर राहिली, तर दोष मोटरकडे आहे आणि तेथे घरी हात घालू नये.

दाते केव्हा बदलावेत?
— वाचक, औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर

आठवड्याला पाव किलो कॉफी दळणाऱ्या घरात वर्षाला तेरा किलो दळली जाते. घरगुती पोलादी दात्यांना हे काम फार नाही, ते अनेक वर्षे टिकतात. म्हणून वर्षांवर न जाता लक्षणांवर जावे. तेवढ्याच बियांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागतो, हातग्राइंडर असेल तर दांडा बियांवरून घसरल्यासारखा वाटतो, पुडीत पीठ आणि भरड दोन्ही वाढतात, आणि पूर्वीचीच चव मिळवण्यासाठी फट सारखी कमी करावी लागते. ही लक्षणे दिसल्यावर आधी यंत्र पूर्ण साफ करून आठवडाभर वापरावे, कारण साचलेल्या थरामुळेही हेच सारे घडते. त्यानंतरही फरक पडला नाही तर दात्याच्या कडेवरून नख हलकेच आडवे फिरवून पाहावे. धार शाबूत असेल तर नख अडते, झिजली असेल तर सरळ घसरून जाते. नवे दाते यंत्राच्या नेमक्या मॉडेलचेच मागवावेत, ते बसवल्यावर शून्य पुन्हा शोधावे, आणि पहिल्या पाव किलोसाठी स्वस्त बिया वापराव्यात, कारण नव्या धारेचे दळण स्थिरावेपर्यंत थोडे बदलत राहते.